टोकावर कथील ठेव

रुवीत, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या गल्लीच्या शेवटाला
हमदुलेंचं दुकान: एक टेबल, एक भिंग,
ट्यूनाच्या रिकाम्या डब्यात कोंबलेली पितळी घासणी.
मी फक्त सोल्डर मागायला गेले होते.
‘कुठलं?’ म्हणाले,
जसं आपल्याकडे विचारतात, कुठल्या गावचं.

मी शाळेत गणित शिकवते. मला वाटलेलं, तार म्हणजे तार.

‘ही साठ-चाळीस. निवताना जरा रेंगाळते,
तेवढ्यात हात हलला की सांधा राखाडी.
ही त्रेसष्ट-सदतीस. हिला मधलं काही ठाऊक नाही.
एकशे त्र्याऐंशीला पाणी, त्याखाली धातू.
ही बिनशिशाची. ताप जास्त मागते, टोक खाते.
आणि हा डबा नळवाल्यांचा, आम्लाचा.
हा घरी नेलास बाय, तर सहा महिन्यांत
तुझ्या रेडिओला हिरवं गजकर्ण होईल.’

त्रेसष्ट-सदतीस घेतली, पाऊण मिलिमीटर, पोटात राळ.
‘जेवायच्या आधी हात धू,’ हे त्यांनी
उरलेल्या बैसांसोबत मोजून दिलं.

तिसऱ्या शुक्रवारी परत गेले.
टोक काळं पडलेलं, कथील त्यावर ठरेना,
अळूच्या पानावरचं पाणी जसं.
म्हणून मी काचकागदाने घासलं होतं,
छान, तांब्याचा रंग दिसेपर्यंत.

हमदुले पहिल्यांदा ओरडले.
‘लोखंडाचा पातळ मुलामा असतो त्यावर,
तोच सोलून आलीस! आता तांबं विरघळत जाईल सोल्डरमध्ये,
चहात साखर जशी.’
मग खुर्ची पुढे सरकवली.
‘माझा बापूस खेडला कल्हई करायचा.
नवसागराचा धूर, कापसाचा बोळा, कथलाचा एक तुकडा,
आणि परातीत चेहरा दिसायचा.
हे तेच काम. परात एवढीशी झाली, इतकंच.’

म्हणून मी शिकले:
स्पंज नळाच्या पाण्याने भिजवायचा नाही,
बाल्कनीत एसीखाली बादली ठेवायची.
मस्कतच्या हवेतून टपकलेलं ते पाणी, त्यात मीठ नाही.
तार सांध्याला द्यायची, टोकाला नाही.
काम नसेल तर तापवून ठेवायचं नाही.
आणि बंद करताना पुसायचं नाही.
हे मला जड गेलं.
भांडी घासूनच पालथी घालायची, हे हातात बसलेलं,
आणि हा माणूस सांगतो, टोकावर कथील ठेव,
चांगलं जाडसर, आणि तसंच निजू दे.
हवेला खायला काहीतरी ठेव, म्हणजे ती लोखंड खाणार नाही.

आमच्या भाषेत डाग म्हणजे कपड्यावरचा,
डाग म्हणजे गळ्यातला, गहाण पडणारा,
आणि डाग म्हणजे हा, दोन तुकडे धरून ठेवणारा.
हमदुले तिन्हींसाठी एकच हात हलवायचे.

रेडिओ लागला मार्चमध्ये. मध्यरात्री, मिडीयम वेव्हवर
खाडीपलीकडून कुणी बाई बातम्या देत होती.
एक अक्षर कळलं नाही. मी शेवटपर्यंत ऐकल्या.

मेमध्ये त्यांचा व्हिसा संपला. मला उशिरा कळलं.
दुकानात आता अत्तरं आहेत.
अत्तरवाल्याने खोक्यातून एक पिशवी काढली,
‘शिक्षिका बाईंना’ असं इंग्रजीत लिहिलेली,
स्पेलिंग चुकलेलं.
आत त्यांचं आयर्न, वायरीला दोन ठिकाणी टेप,
आणि टोकावर कथलाचा मळकट गोळा,
चिंचोक्याएवढा.

आठवडाभर लावलं नाही.
काल लावलं. गोळा आधी सुरकुतला, मग एकदम सैल झाला,
ओल्या स्पंजावर चर्र झालं,
आणि खाली टोक, पांढरं, ओलं,
जणू पाच मिनिटांपूर्वीच कुणी चहाला उठून गेलंय.

एकच सांधा केला. गरज नव्हती त्या सांध्याची.
मग तार पुन्हा टेकवली टोकाला, अंमळ जास्तच,
आणि बटण बंद केलं.